शिकणाऱ्या मुलांचा राजा



दहावीचा निकाल लागला की घरात आनंद होतो. शेजाऱ्यांना पेढे वाटले जातात. पण त्याच रात्री मुले झोपल्यावर अम्मी आणि अब्बा हलक्या आवाजात दुसरेच काही बोलत असतात. पुढच्या शिक्षणाला किती पैसे लागतील? फी कशी भरायची? कॉलेज शहरात आहे, मग मुलगा राहील कुठे आणि जेवेल कुठे? कर्ज काढावे का? काढले तर ते फेडायचे कोणी?

हे प्रश्न फार जुने आहेत. सव्वाशे वर्षांपूर्वी कोल्हापूर संस्थानातील खेड्यापाड्यांतही आईबाप हेच प्रश्न विचारीत होते. त्या काळात एका राजाने हे प्रश्न आपल्या घरचे मानले आणि त्यांवर उपाय शोधले. ते राजे म्हणजे राजर्षी शाहू छत्रपती. त्यांचे चरित्र आज आपण वाचणार आहोत.

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. वडिलांचे नाव जयसिंगराव आणि आईचे नाव राधाबाई. यशवंतराव लहान असतानाच आई वारली. पुढे १८८३ साली कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांचे अहमदनगर येथे निधन झाले. गादीला वारस नव्हता. तेव्हा राणी आनंदीबाईंनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतले आणि त्यांचे नाव शाहू ठेवले. त्या वेळी त्यांचे वय दहा वर्षांचेही नव्हते. दोनच वर्षांनी त्यांचे वडीलही वारले. राजवाडा मिळाला, पण आईवडिलांचे छत्र गेले.

बाल राजाच्या शिक्षणाची व्यवस्था उत्तम झाली. प्रथम ते राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिकले. नंतर धारवाड येथे फ्रेझर नावाच्या इंग्रज शिक्षकाने त्यांना इतिहास, कायदा आणि राज्यकारभार शिकवला. फ्रेझरसाहेबांबरोबर त्यांनी देशभर प्रवासही केला. या सगळ्याचा खर्च संस्थानच्या खजिन्यातून होत होता. खजिना कशाने भरत होता? शेतकऱ्याने भरलेल्या शेतसाऱ्याने. म्हणजे ज्या शेतकऱ्याच्या मुलाने शाळा पाहिली नव्हती, त्याच्याच पैशातून राजाचे शिक्षण चालले होते. महाराजांनी पुढे आयुष्यभर जे काम केले, ते पाहिले की वाटते, हे ऋण ते कधी विसरले नाहीत.

२ एप्रिल १८९४ रोजी शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला. तेव्हा ते वीस वर्षांचेही नव्हते. थोड्याच वर्षांत संस्थानावर दुष्काळ आला आणि त्याच्या मागोमाग प्लेगची साथ आली. महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली, निराधारांसाठी आश्रम काढले आणि प्लेगमध्ये लोकांना गावाबाहेर झोपड्यांत हलवले. ते गावोगाव फिरत. शेतकऱ्यांशी, मजुरांशी त्यांच्याच बोलीत बोलत. त्यामुळे रयतेचे हाल त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. दरबारातील बहुतेक सर्व नोकऱ्या एकाच शिकलेल्या समाजाकडे होत्या. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, शिंपी, चांभार, महार अशा बाकीच्या समाजांतून अधिकारी मिळत नव्हते, कारण त्यांच्यात शिकलेली माणसेच फार थोडी होती. ती का नव्हती? बुद्धी नव्हती म्हणून? तसे मुळीच नव्हते. कोल्हापुरात १८८० पासून राजाराम कॉलेज होते. पण पन्हाळ्याच्या किंवा भुदरगडच्या डोंगरातून आलेला मुलगा त्या कॉलेजापर्यंत पोहोचत नव्हता. पोहोचलाच तर टिकत नव्हता.

मित्रांनो, येथे क्षणभर थांबा आणि एक हिशेब करून पाहा. समजा, त्या मुलाची फी कोणी माफ केली. तेवढ्याने तो शिकू शकेल का? त्याला शहरात डोक्यावर छप्पर हवे. दोन वेळचे जेवण हवे. रात्री अभ्यासाला दिवा हवा. फी वर्षातून एकदोनदा भरावी लागते, पण भूक रोज लागते. शिवाय त्या काळी जातीपातीचे बंधन कडक होते. परक्या जातीच्या मुलाला घरात ठेवून घ्यायला लोक तयार नसत. अस्पृश्य मानलेल्या मुलांना तर शहरात भाड्याने खोली मिळणेही कठीण होते. गरीब मुलाच्या शिक्षणातली खरी अडचण ही होती.

महाराजांना हे लगेच उमगले असे नाही. त्यांनी १८९६ साली सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह काढले होते. पण हळूहळू तेथे पुढारलेल्या समाजाचीच मुले उरली. ज्यांच्यासाठी दार उघडले होते, ते आत आलेच नाहीत. दुसरा एखादा राजा म्हणाला असता, की सोय केली होती, लोकांनाच शिकायचे नाही. महाराजांनी रयतेला दोष दिला नाही. आपल्या उपायात काय चुकले, याचा त्यांनी विचार केला. खेड्यातून आलेल्या हुशार विद्यार्थ्यांना बोलावून त्यांच्या अडचणी विचारल्या. तेव्हा त्यांची खात्री पटली, की प्रत्येक समाजाने आपल्या मुलांसाठी वसतिगृह चालवावे आणि संस्थानाने त्याला जागा व पैसा पुरवावा. आपल्या माणसांचे घर असले म्हणजे खेड्यातला बाप मुलाला तेथे विश्वासाने ठेवील.

१८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी जैन बोर्डिंग निघाले. पुढच्या वर्षी महाराज इंग्लंडला गेले होते. ते तेथे असतानाच २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापुरात त्यांचा एक प्रसिद्ध हुकूम निघाला. संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या, म्हणजे शेकडा ५० जागा मागासलेल्या समाजांतील शिकलेल्या लोकांना द्याव्यात, असा तो हुकूम होता. मुस्लिम समाजही त्यात होता. नोकरीची जागा राखून ठेवली, तरी तेथे बसायला शिकलेला तरुण हवा. तो तरुण वसतिगृहात तयार होणार होता. म्हणून हा हुकूम आणि ही बोर्डिंगे ही एकाच कामाची दोन अंगे होती.

आता आपल्या समाजाकडे येऊ. कोल्हापुरातील मुस्लिम समाजात त्या वेळी इंग्रजी शिक्षणाची ओढ फार कमी होती. पुष्कळ मुले लहानपणीच कामधंद्याला लागत. समाजातून कोणी पुढे येईल याची वाट पाहत महाराज बसले नाहीत. सुरुवातीला त्यांनी काही मुस्लिम मुलांची सोय मराठा बोर्डिंगमध्येच केली. मग समाजातील प्रमुख लोकांना बोलावले, त्यांना शिक्षणाचे महत्त्व पटवून दिले आणि १९०६ साली कोल्हापूर मोहमेडन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली. एक हिंदू राजा या मुस्लिम शिक्षण संस्थेचा अध्यक्ष झाला. सोसायटीने मुस्लिम बोर्डिंग सुरू केले. महाराजांनी त्यासाठी जागा दिली आणि इमारतीला मदत केली. हे मुस्लिम बोर्डिंग आजही कोल्हापूरच्या दसरा चौकात उभे आहे. त्याच चौकात महाराजांचा पुतळा आहे.

तुम्हाला वक्फ म्हणजे काय ते ठाऊक आहे. एखादा सज्जन आपली जमीन किंवा मालमत्ता खुदाच्या नावाने कायमची देऊन टाकतो. मूळ मालमत्ता तशीच राहते आणि तिच्या उत्पन्नातून पिढ्यान्‌पिढ्या लोकांचे भले होते. शाहू महाराजांची बोर्डिंगे काहीशी याच रीतीने उभी राहिली. एका विद्यार्थ्याच्या हातावर पैसे ठेवले, तर एकाचे शिक्षण होते. पण जागा, इमारत आणि कायमचे उत्पन्न दिले, तर पहिला विद्यार्थी शिकून गेल्यावर त्याच खोलीत दुसरा येतो आणि त्याच्यानंतर तिसरा. शिकून गेलेल्याच्या डोक्यावर कर्ज राहत नाही आणि मागून येणाऱ्यासाठी जागा रिकामी असते.

यानंतर कोल्हापुरात बोर्डिंगांची रांगच लागली. १९०७ साली लिंगायत समाजासाठी, १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, त्याच वर्षी नामदेव शिंपी समाजासाठी आणि १९१५ साली ख्रिस्ती समाजासाठी वसतिगृह निघाले. पुढच्या काळात त्यांची संख्या विसाच्या वर गेली. नाशिक, पुणे, अहमदनगर अशा संस्थानाबाहेरच्या शहरांतील वसतिगृहांनाही महाराजांनी मदत केली.

जातवार बोर्डिंगे काढल्याने जाती अधिक घट्ट होतील, अशी टीका तेव्हाही झाली आणि नंतरही झाली. ही टीका अगदीच चुकीची नव्हती. परंतु महाराजांना त्या काळच्या माणसांना बरोबर घेऊन चालायचे होते. मुले राहायला वेगवेगळ्या बोर्डिंगांत असली, तरी शाळा-कॉलेजात एकाच बाकावर बसू लागली. जातिभेद मोडण्यासाठीही महाराजांनी पुढे अनेक कायदे आणि हुकूम काढले.

उच्च शिक्षणाच्या शिडीची पहिली पायरी म्हणजे प्राथमिक शाळा. ती पायरीच नसेल, तर वर कोण चढणार? म्हणून १९१७ साली महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. या योजनेतील पहिली शाळा १९१८ साली करवीर तालुक्यातील चिखली या गावी उघडली. जो पालक मुलाला शाळेत पाठवणार नाही, त्याला दंड होई. फी घेणाऱ्या शाळा सगळ्यांनी पाहिल्या होत्या. पण मूल शाळेत आले नाही म्हणून बापाकडून दंड घेणारे सरकार लोकांना नवीन होते.

१९१८ हेच वर्ष महाराजांना फार मोठे दुःख देऊन गेले. त्यांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी शिकारीच्या वेळी अपघातात वारले. त्यांच्या पत्नी इंदुमतीदेवी त्या वेळी अगदी लहान वयाच्या होत्या. त्या काळी विधवा मुलीचे आयुष्य घराच्या चार भिंतींत संपत असे. महाराजांनी आपले दुःख गिळले आणि सुनेच्या शिक्षणाची व्यवस्था केली. एकटीला अभ्यासाचा कंटाळा येऊ नये म्हणून बरोबरीच्या काही मुलीही तिच्यासोबत शिकायला ठेवल्या. सुनेने डॉक्टर व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. घरातल्या लोकांचा विरोध होता, तरी ते मागे हटले नाहीत. मुलींनो, हा प्रसंग तुम्ही विशेष लक्षात ठेवा.

आता एका थोर विद्यार्थ्याची हकीकत ऐका. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली अमेरिकेला शिकायला गेले, ते बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर. त्या शिष्यवृत्तीला एक अट होती. शिक्षण झाल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करायची, असा करार त्यांना लिहून द्यावा लागला होता. १९१७ साली मुदत संपल्याने लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून ते परत आले आणि करार पाळण्यासाठी बडोद्याला गेले. पण इतक्या शिकलेल्या माणसाला तेथे जातीमुळे राहायला घर मिळेना. शेवटी नोकरी सोडून त्यांना मुंबईला परतावे लागले. शिष्यवृत्ती देणाऱ्याचा हेतू चांगला होता, पण तिच्याबरोबर आलेले बंधन पाळणे समाजाने अशक्य करून टाकले.

लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करायची आंबेडकरांची जिद्द कायम होती. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी करून त्यांनी काटकसरीने पैसे साठवले. नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये कर्ज घेतले. याच सुमारास शाहू महाराजांशी त्यांचा परिचय झाला. मार्च १९२० मध्ये कोल्हापूर संस्थानातील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. आंबेडकर तिचे अध्यक्ष होते आणि महाराज तेथे मुद्दाम हजर राहिले. महाराजांनी आंबेडकरांच्या लंडनच्या शिक्षणालाही पैशांची मदत केली. आपली बचत, मित्राचे कर्ज आणि राजाची मदत या तिन्हींच्या बळावर आंबेडकर १९२० साली पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली मोठ्या पदव्या मिळवून परतले. पुढे त्यांनी देशाची राज्यघटना घडवली, हे तुम्ही इतिहासात शिकला आहात.

दुसरा विद्यार्थी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोजचा. त्याचे नाव भाऊराव पाटील. तो कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत होता. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला तो गेला, म्हणून बोर्डिंगमधून त्याला काढून टाकण्यात आले. तेव्हा शाहू महाराजांनी त्याला आपल्याकडे आसरा दिला. हाच मुलगा पुढे कर्मवीर भाऊराव पाटील म्हणून प्रसिद्ध झाला. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि सातारच्या वसतिगृहाला शाहू महाराजांचे नाव दिले. त्यांच्याकडे राजाचा खजिना नव्हता. म्हणून त्यांनी मुलांना कमवा आणि शिका हा मार्ग दाखवला. मुले शेतात राबत, खडी फोडत आणि शिकत. वसतिगृहात धान्य संपले, तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपल्या अंगावरचे दागिने मोडले. महाराजांनी एका मुलाला दिलेला आसरा असा हजारो मुलांपर्यंत पोहोचला.

६ मे १९२२ रोजी मुंबई येथे शाहू महाराजांचे निधन झाले. त्यांच्या वयाची अठ्ठेचाळीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांचा जन्मदिवस, २६ जून, महाराष्ट्रात सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो.

मित्रांनो, आज राजे नाहीत, पण प्रश्न संपलेले नाहीत. इंजिनिअरिंग, वैद्यकीय अशा शिक्षणाचा खर्च पुष्कळ वाढला आहे. बँका शैक्षणिक कर्ज देतात. शिकत असताना त्याचे हप्ते भरावे लागत नाहीत. शिक्षण संपल्यावर साधारण एका वर्षाने ते सुरू होतात. त्यामुळे कर्ज घेताना ओझे जाणवत नाही. पण व्याज मधल्या काळातही चढत असते. गणितात शिकलेले सरळव्याज येथे उपयोगी पडेल. समजा, एक लाख रुपये दरसाल दर शेकडा १० दराने पहिल्याच दिवशी घेतले आणि पाच वर्षांनी हप्ते सुरू झाले. तोपर्यंत ५० हजार रुपये व्याज झालेले असेल. नोकरी मिळो वा न मिळो, हप्ता थांबत नाही. शिवाय आपल्यापैकी पुष्कळ घरांत व्याजाचा व्यवहार टाळतात, हेही खरे आहे.

म्हणून कर्ज हा पहिला मार्ग समजू नका. आधी बाकीचे मार्ग शोधा. महाराष्ट्र सरकारची शिक्षण शुल्काची एक शिष्यवृत्ती शाहू महाराजांच्याच नावाने आहे. वसतिगृहात राहण्या-जेवण्याच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाने निर्वाह भत्ता आहे. फी आणि भाकरी हे दोन वेगळे खर्च आहेत, हे महाराजांनी ओळखले होते, तेच या दोन योजनांत दिसते. व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या अनेक मुलींची फी २०२४ पासून सरकारने माफ केली आहे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी मौलाना आझाद यांच्या नावाचे महामंडळ आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात कमवा आणि शिका योजना आहे. प्रत्येक योजनेच्या अटी असतात आणि त्या बदलतातही. तेव्हा दहावीच्या वर्षीच शिक्षकांना विचारा, उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढा, अर्जाची तारीख चुकवू नका. एवढे करूनही कर्ज घ्यावेच लागले, तर लाजण्याचे कारण नाही. आंबेडकरांनीही घेतले होते. फक्त किती घेतो, कशासाठी घेतो आणि कसे फेडणार, हे घरच्यांबरोबर बसून कागदावर मांडा.

बँकेचे कर्ज फिटले की पावती मिळते आणि खाते बंद होते. पण शिक्षणाचे आणखी एक ऋण असते. तुम्ही ज्या बाकावर बसता, तो कोणाच्या तरी पैशाने आलेला आहे. बोर्डिंगच्या ज्या खोलीत तुम्ही उद्या राहाल, ती कोणी तरी बांधलेली आहे. त्यांतील बहुतेकांना तुम्ही कधी भेटणारही नाही. मग त्यांचे ऋण कसे फेडणार? शाहू महाराजांनी रयतेच्या पैशाने शिक्षण घेतले आणि रयतेच्या मुलांना शिकवून ते फेडले. तुम्हीही शिकून कमावते झालात, की आपल्या मोहल्ल्यातील एखाद्या मुलाची फी भरा, त्याला पुस्तके द्या किंवा त्याच्या बोर्डिंगच्या जेवणाचा एका महिन्याचा खर्च उचला.

कधी कोल्हापूरला गेलात, तर दसरा चौकात जरूर जा. महाराजांचा पुतळा पाहा आणि मुस्लिम बोर्डिंगही पाहा. सव्वाशे वर्षांपूर्वी तुमच्यासारख्या मुलांसाठी उघडलेले दार तेथे तुम्हाला दिसेल.